भास्कराचार्य आणि सूर्यदेवाची गुरे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले आणि मी भास्कराचार्यांचे नाव सुचवले, तेव्हा बैठकीत थोडी चुळबुळ झाली. गणित्याचे चरित्र आपल्या भगिनी वाचतील कशाला, असे एकीने स्पष्टच विचारले. तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तरीही मी हट्ट सोडला नाही, त्याचे कारण आधी सांगते.

मे महिन्याच्या सुटीत माझी नात मुंबईहून मालवणास आली होती. तिच्याजवळच्या एका पुस्तकात ग्रीक पुराणातले कोडे होते. होमर कवीच्या महाकाव्यात सूर्यदेव हेलिओस याच्या गुरांची कथा आहे. थ्रिनाकिया नावाच्या बेटावर त्याचे गुरांचे सात कळप चरत. प्रत्येक कळपात पन्नास गुरे, म्हणजे एकूण ३५०. त्यांना वासरे होत नसत आणि ती मरतही नसत. ओडिसियस राजाच्या भुकेल्या खलाशांनी ती मारून खाल्ली. त्या पापापायी त्यांचे गलबत फुटले आणि राजाखेरीज सारे बुडाले. आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही ही गोष्ट लगेच समजावी.

पुढे त्याच गुरांवर कोणी एक गणिती कविता रचली. ती आर्किमिडीजच्या नावावर आहे. इसवी सनापूर्वी २१२ साली सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात रोमन शिपायाच्या हातून मारला गेलेला तोच हा प्रसिद्ध आर्किमिडीज. अलेक्झांड्रियाच्या विद्वानांना आव्हान म्हणून त्याने हे कोडे एराटोस्थेनिसकडे धाडले, असे कवितेच्या मथळ्यात म्हटले आहे. ही कविता कित्येक शतके दडून होती. १७७३ साली लेसिंग या जर्मन लेखकाने वोल्फेनब्यूटेलच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितातून ती बाहेर काढली.

कोडे असे आहे. गुरे चार रंगांची, पांढरी, काळी, कबरी आणि पिवळी. पांढरे बैल किती? काळ्या बैलांचा निम्मा आणि तिसरा हिस्सा, शिवाय सारे पिवळे बैल. काळे बैल किती? कबऱ्यांचा चौथा आणि पाचवा हिस्सा, शिवाय सारे पिवळे. कबरे बैल म्हणजे पांढऱ्यांचा सहावा आणि सातवा हिस्सा, शिवाय पुन्हा सारे पिवळे. गाईंसाठी अशाच चार अटी. पांढऱ्या गाई म्हणजे काळ्या खिल्लाराचा, बैल-गाई मिळून, तिसरा आणि चौथा हिस्सा, आणि पुढे तसेच. एवढ्या सात अटींत बसणारी लहानात लहान संख्या काढायची.

ओटीवर बसून नातीने दोन दुपारी घालवल्या. माझी जुन्या वह्यांची कोरी पाने संपली, पण उत्तर आले. एकूण गुरे ५,०३,८९,०८२. त्यांत पांढरे बैलच १,०३,६६,४८२. होमरच्या साडेतीनशेंची पाच कोटी झाली!

पण कोडे इथे संपत नाही. कवितेत आणखी दोन अटी आहेत. पांढरे आणि काळे बैल एकत्र उभे केले की त्यांचा पुरा चौरस व्हावा, जितक्या रांगा तितकेच प्रत्येक रांगेत. आणि कबरे-पिवळे बैल एकत्र केले की त्रिकोण व्हावा, पुढे एक, त्यामागे दोन, त्यामागे तीन, असा वाढत जाणारा. या दोन अटी घातल्या की पाच कोटींचे उत्तर बाद होते. खरे उत्तर केवढे, ते १८८० साली आम्टोर या जर्मन गणित्याने दाखवले. ती संख्या २,०६,५४५ अंकी आहे. लिहून काढायची तर आपल्या स्मरणिकेसारख्या कित्येक स्मरणिका भरतील. १९६५ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात तिघांनी गणकयंत्रावर ती प्रथमच पूर्ण काढली.

नात हिरमुसली. मी मात्र त्या पुस्तकातल्या पुढच्या ओळीवर अडकले. या शेवटच्या अटी सोडवताना जे समीकरण उरते, ते सोडवण्याची रीत बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात मांडली होती, असे तिथे दिले होते. सूर्यदेवाच्या गोठ्याची किल्ली सह्याद्रीच्या आश्रयाला ठेवलेली होती! म्हणून हे चरित्र.

भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल मोजकेच, पण नेमके लिहून ठेवले आहे. आपल्या थोर पुरुषांची जन्मवर्षे ठरवताना पंडितांचे वाद होतात. इथे तसे नाही. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली त्यांचा जन्म झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला, हे त्यांचे त्यांनीच सांगितले आहे. गोत्र शांडिल्य, गाव सह्य पर्वताजवळचे विज्जडविड. हे गाव आजचे कोणते, याबद्दल मात्र मतभेद आहेत. कोणी खानदेशातील चाळीसगावजवळचे पाटण म्हणतात, कोणी कर्नाटकातील विजापूर. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्रात भास्कराचार्यांचा परामर्श घेतला आहे. जिज्ञासू भगिनींनी ते पुस्तक अवश्य पाहावे. कोकणातल्या एका शिक्षकाने केवढे काम करून ठेवले, याचाही अचंबा वाटेल.

त्यांच्या घरात विद्या पिढीजात होती. पणजोबांच्याही मागे जाणारी वंशावळ एका शिलालेखात कोरलेली आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वरांचे पुत्र आपले भास्कराचार्य. वडीलच त्यांचे गुरू होते. मुलाला वडिलांनीच शिकवायचे आणि त्याने पुढे आपल्या मुलाला, अशी ती रीत होती.

सिद्धांतशिरोमणीचे चार भाग आहेत, लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला अंकगणिताचा, दुसरा नावाप्रमाणे, तिसरा ग्रहांच्या गतीचा, आणि चौथ्यात पृथ्वीचा गोल, ग्रहणे, वेध घेण्याची यंत्रे असे सारे आहे. पृथ्वी गोल असून आधाराशिवाय आकाशात आहे, हे गोलाध्यायात ते युक्तिवादाने पटवून देतात. यंत्रांचे वर्णन करताना नाना उपकरणे सांगून झाल्यावर ते बुद्धीलाच सर्वांत श्रेष्ठ यंत्र ठरवतात. मग नुसती एक काठी हाती धरून दूरच्या वेळूची उंची आणि त्याचे अंतर कसे काढावे, ते दाखवतात. गणित सांगता सांगता याच माणसाने सहा ऋतूंचे वर्णनही करून घेतले आहे. मला स्वतःला हे फार आवडते. कडक मास्तर वर्गात मध्येच खिडकीबाहेरचा पाऊस दाखवतात, तसे ते वाटते.

लीलावतीविषयी लिहिल्यावाचून पुढे जाणे आपल्या मंडळात शोभणार नाही. लीलावती ही त्यांची मुलगी, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिला वैधव्ययोग होता. तो टळावा म्हणून भास्कराचार्यांनी लग्नाचा एकच मुहूर्त शोधला आणि घंगाळात घटिकापात्र सोडले. कौतुकाने ती वाकून पाहत असता तिच्या अलंकारातला मोती पात्रात पडला, भोक बुजले, पाणी आत येईना, मुहूर्त निघून गेला. मग दुःखी बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला.

गोष्ट मोठी हृद्य आहे. पण ती भास्कराचार्यांच्या कोणत्याही ग्रंथात नाही. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली लीलावतीचे फार्सी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती आढळते. मधे चार शतके गेली होती. लीलावती मुलगी होती, पत्नी होती, की खेळकर विद्येलाच दिलेले ते नाव होते, याविषयी पंडितांत एकमत नाही. मी तो वाद घालत नाही. मला गोष्टीपेक्षा ग्रंथातली एक साधी बाब मोलाची वाटते. कित्येक उदाहरणांत प्रश्न एका मुलीला विचारलेला आहे. अगदी पहिलेच उदाहरण पाहा. दोन, पाच, बत्तीस, एकशे त्र्याण्णव, अठरा, दहा आणि शंभर यांची बेरीज सांग आणि ती दहा हजारांतून वजा कर. बेरीज ३६०, वजाबाकी ९,६४०. हे त्यांनी बालिका लीलावतीला विचारले आहे. पुढे अपूर्णांक येतात, वर्गमुळे येतात, त्रिकोण येतात, तरी तिला विचारणे थांबत नाही.

इथे माझी एक जुनी सल सांगते. आमच्या वेळी शाळेत मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी साधे अंकगणित आणि गृहशास्त्र घेण्याची मुभा होती. मुभा म्हणायची एवढेच. आमच्या वर्गातल्या सर्व मुलींची नावे न विचारताच त्या बाजूला लिहिली गेली. मला बीजगणित हवे होते, पण घरीही कोणी बोलले नाही आणि मीही बोलले नाही. स्वयंपाक मला पुढे सासूबाईंनी शिकवला. बीजगणित मात्र राहून गेले ते राहूनच गेले. आठशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांना मुलीला गणित विचारताना संकोच वाटला नाही, हे उतारवयात वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसले होते.

ग्रीकांप्रमाणे भास्कराचार्यांनाही पुराणातले कोडे घालण्याची हौस होती. भारतीय युद्धात अर्जुनाने कर्णावर बाण सोडले. निम्म्यांनी कर्णाचे बाण अडवले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपटीने घोडे थोपवले, सहांनी शल्याला, तिघांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य यांना गाठले आणि एकाने शिर उडवले. तर बाण किती? उत्तर शंभर. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू, त्या हात बदलून किती प्रकारे धरता येतील? ३६,२८,८०० प्रकारे. विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या अदलाबदलीने २४ रूपे होतात. केशव, नारायण, माधव अशी संध्येतली चोवीस नावे घरातल्या पुरुषांच्या तोंडून आपण ऐकत आलो, त्यांची मूर्तिशास्त्रातली गणती हीच.

आता मूळ किल्लीकडे वळते. विषय अवघड आहे, पण रांगोळी घालणाऱ्या हातांना तो समजेल अशी माझी खात्री आहे.

बारा ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा ठिपके, अशा दोन चौरस रांगोळ्या काढा. दोहोंत मिळून २८८ ठिपके झाले. त्यांत एकच ठिपका जास्तीचा मिळवा, २८९ होतील, आणि त्यांची सतरा ओळींची एक सबंध चौरस रांगोळी बरोबर बसेल. प्रश्न असा की दोनच्या जागी दुसरी कोणतीही संख्या दिली तर? तितक्या सारख्या चौरस रांगोळ्या, अधिक एक ठिपका, मिळून एक मोठी चौरस रांगोळी व्हायला हवी. लहान रांगोळीच्या बाजूला आचार्य कनिष्ठ मूळ म्हणतात आणि मोठीच्या बाजूला ज्येष्ठ मूळ. आपल्याकडच्या धाकट्या आणि थोरल्या जावाच म्हणा ना.

साठ रांगोळ्या असतील तर सोपे आहे. चार-चारच्या साठ काढल्या की ९६० ठिपके, एक मिळवला की ९६१, म्हणजे एकतीसचा चौरस. बासष्ट असतील तरी सोपे, आठ-आठच्या काढल्या की त्रेसष्टचा चौरस होतो. पण मधल्या एकसष्टला काय होते पाहा. एकसष्ट रांगोळ्यांसाठी लहानात लहान कनिष्ठ मूळ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९! हे उदाहरण भास्कराचार्यांनी मुद्दाम निवडून बीजगणितात घातले आहे. एकेक संख्या घेऊन पाहत बसणाऱ्याला ते जन्मात सुटायचे नाही.

त्यांच्या रीतीचे नाव चक्रवाल. तिच्यातली मौज अशी की उत्तर चुकले तरी ते टाकायचे नाही. एकेका ठिपक्याच्या एकसष्ट रांगोळ्या घ्या. आठचा वर्ग चौसष्ट, म्हणजे तीन जास्त झाले. चुकले. पण ही तीनची चूक नीट सांभाळायची. आता अशी एक संख्या निवडायची की तिच्यात आठ मिळवले असता बेरजेला तिनाने भाग जावा आणि तिचा वर्ग एकसष्टच्या जवळपास असावा. ती संख्या सात. आठ आणि सात पंधरा, भागिले तीन, पाच. हे नवे कनिष्ठ मूळ. आठ साते छप्पन, अधिक एकसष्ट, एकशे सतरा, भागिले तीन, एकोणचाळीस. हे नवे ज्येष्ठ. पडताळा घ्या. पाच-पाचच्या एकसष्ट रांगोळ्यांचे १,५२५ ठिपके, एकोणचाळीसचा वर्ग १,५२१. आता चार कमी पडले. पुन्हा चूकच, पण ही चार कमीची चूक मोठी गुणाची. अशा जोडीचा तिच्याशीच मेळ घालून एकदम उत्तराला पोचण्याची युक्ती भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ साली सांगून ठेवली होती. ती लावली की बावीस कोटींची संख्या दोन-चार ओळींत येऊन उभी राहते. बाजारात मनातल्या मनात शेकड्याचा भाव पाडणाऱ्या आपल्या मासेवाल्या बायकांना ही चाल परकी वाटू नये. आधी अंदाज धरायचा, मग उरलेले जुळवून घ्यायचे.

या रीतीचे सारे श्रेय मात्र भास्कराचार्यांनी स्वतःकडे घेतलेले नाही. आधीचे लोक हिला चक्रवाल म्हणतात, असाच त्यांचा निर्देश आहे. अकराव्या शतकातील एका टीकेत जयदेव नावाच्या गणित्याच्या तोंडी ही रीत सापडते, हे १९५४ साली उजेडात आले. एकसष्टचे उदाहरण आणि मांडणीतली स्वच्छता मात्र आचार्यांची.

पाचशे वर्षांनी, १६५७ साली, फ्रान्समधील फेर्मा या गणित्याने युरोपच्या विद्वानांना आव्हान दिले, तेव्हा त्यातही नेमका हाच एकसष्टचा आकडा होता. त्याला आपल्या लीलावती-बीजगणिताची वार्ताही नव्हती. इंग्लंडच्या ब्राउंकरने ते सोडवण्याची रीत काढली. पण ऑयलरच्या चुकीने समीकरणाला नाव पडले पेल नावाच्या तिसऱ्याच माणसाचे, आणि आजही जगभर ते त्याच नावाने शिकवले जाते. अशी रीत दर वेळी उत्तर देणारच, याची सिद्धता लाग्रांजने १७६८ साली दिली. सूर्यदेवाच्या गुरांच्या कोड्यात शेवटी ४७,२९,४९४ रांगोळ्यांचे हेच गणित येते. त्याचे पहिले कनिष्ठ मूळ ४१ अंकी आणि ज्येष्ठ ४५ अंकी आहे. शिवाय कनिष्ठाला ९,३१४ ने भाग जावा अशी आणखी एक अट आहे, तिच्यामुळे संख्या फुगत फुगत दोन लाख अंकांवर जाते. आर्किमिडीजने घातलेली गाठ भास्कराचार्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ती त्यांच्या हाती पडती, तर सुरुवात कुठून करावी हे त्यांना निश्चित कळले असते.

आचार्य म्हातारपणीही स्वस्थ बसले नाहीत. शके ११०५ म्हणजे ११८३ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांची स्थाने कमी खटाटोपात काढता यावीत, म्हणून केलेले ते सोपे हातपुस्तक आहे. मोठा ग्रंथ तारुण्यात आणि लोकांच्या रोजच्या उपयोगाचा उतारवयात, हा क्रम मला मोठा लोभस वाटतो.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे राजज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोईदेव राजाने त्याला नेमणूक करून दिली. ही हकीकत ज्या शिलालेखात आहे, तो पाटणच्या देवीच्या देवळात सापडला. शके ११२८ मधील दानाची त्यात नोंद आहे. तो विद्वानांपुढे आणणारे डॉक्टर भाऊ दाजी लाड हे आपल्या शेजारच्या पेडणे महालातील मांद्रे गावचे. मुंबईत रोगी तपासावेत, मुलींच्या शिक्षणासाठी झटावे आणि उरलेल्या वेळात जुने लेख वाचावेत, असा त्यांचा दिनक्रम असे. त्यांचा यासंबंधीचा लेख १८६५ साली प्रसिद्ध झाला.

शिलालेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. राजाने काय दिले ते वर संस्कृतात आले आहे. बाजारपेठेतून मठाला काय मिळायचे, ते खाली मराठीत. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा हिस्सा मठाला लावून दिलेला आहे, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकाने पळी पळी तेल द्यावे, असे कोरलेले आहे. हे मी नातीला वाचून दाखवले. गुरांचे कोडे बाजूला सारून तिने लगेच विचारले, आजी, ती पळी केवढी होती?